मजूर मिळत नाहीत, कोणत्या भावात?

१२ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात शहरी बेघरांच्या निवाऱ्याचा विषय सुनावणीला होता. ओघात न्यायमूर्ती भूषण गवई यांनी महाराष्ट्राचा दाखला दिला. फुकटचे धान्य आणि लाडकी बहीणसारख्या योजनांचे पैसे मिळू लागल्याने लोक कामाला तयार होईनासे झाले आहेत, शेतकऱ्यांना मजूर मिळत नाहीत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. न्यायालयात निघाले म्हणून त्या उद्गारांची बातमी झाली, एवढेच. एरवी खुरपणीच्या दिवसांत कोणत्याही तालुक्याच्या बाजारात, कृषी केंद्राच्या बाकड्यावर किंवा एसटीच्या मागच्या सीटवर हेच ऐकू येते: गडी मिळत नाही, बाया मिळत नाहीत, सरकारने लोकांना बसून खायची सवय लावली. पुढील पानांतले लेख बेकारी, भत्ता, मजुरी आणि कामाची इच्छा यांबद्दल आहेत. त्यांच्याकडे वळण्यापूर्वी या तक्रारीची नीट उलटतपासणी केली पाहिजे. तक्रार खोटी आहे असे मला म्हणायचे नाही. ती अर्धीच सांगितली जाते, असे म्हणायचे आहे. मजूर कोणत्या भावात मिळत नाहीत, हा तिचा उरलेला अर्धा भाग बोलणाऱ्याच्या पोटातच राहतो. कापूस मिळत नाही, सिमेंट मिळत नाही असे म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला आपण लगेच विचारतो, 'काय भावाने मागताय?' श्रमाच्या बाबतीत तो प्रश्न आपल्या तोंडी येत नाही. तिथे आपण भाव सोडून माणसाचा स्वभाव तपासायला बसतो.

लाडक्या बहिणीचे महिन्याला दीड हजार रुपये म्हणजे दिवसाला पन्नास. या पन्नास रुपयांत कोणाचे घर चालत नाही, आणि त्यांच्या जोरावर कोणी रोजंदारी कायमची सोडत असेल असे मानायला फारच मोठा विश्वास लागतो. पण या पैशाने एक गोष्ट नक्की होते. ऐन उन्हातली, लांबच्या रानातली, संध्याकाळी पैसे देताना 'आठवड्याने बघू' म्हणणाऱ्या मालकाकडची एखादी हजेरी बाईला नाकारता येते. माझे म्हणणे या एवढ्याशा नकाराभोवती फिरते. कामाची इच्छा हा गरिबाच्या अंगचा कायमचा गुण किंवा अवगुण नसतो. समोर आलेल्या दराला, अंतराला आणि वागणुकीला दिलेले ते उत्तर असते. गेली दीडशे वर्षे मात्र राज्यकर्ते दर पाडून ही इच्छा मोजू पाहत आले आहेत. अशा मोजणीत इच्छा कधी सापडत नाही. सापडते ती भूक.

या मोजणीचा सर्वांत उघडा प्रयोग आपल्याच दख्खनमध्ये झाला. १८७६-७८ च्या दुष्काळात कलकत्त्याच्या सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना खर्चावर लगाम घालण्यासाठी दक्षिणेत पाठवले. १८७७ च्या आरंभी त्यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा असा दर ठरवला. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, आणि तेवढ्यावर दिवसभर माती उपसायची. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी हा आहार कष्टकऱ्याला जगवू शकत नाही असे जोर लावून सांगितले. दराच्या जोडीला अंतराची परीक्षाही होती. काम घराजवळ द्यायचे नाही, दहा मैलांपलीकडे द्यायचे. ज्याला खरोखर गरज आहे तो चालत येईल. मुंबई इलाख्यात गावाजवळची लहान कामे बंद करून मजुरांना लांबच्या मोठ्या कामांवर, कमी केलेल्या मजुरीत पाठवायला सुरुवात झाली, तेव्हा हजारोंनी काम टाकले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्या मजुरांची बाजू अर्जांवर अर्ज करून सरकारपुढे मांडली. सरकारी बाजूचा युक्तिवाद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ज्यांनी काम सोडले त्यांना मदतीची गरज नव्हती हेच त्यातून सिद्ध झाले, असा तो होता. असा युक्तिवाद कधीच हरत नाही. माणूस त्या दराने राबला तर दर पुरेसा ठरतो आणि निघून गेला तर तो गरजू नसतो. त्या दुष्काळात पन्नास लाखांच्या वर माणसे मेली. परीक्षेत ती उत्तीर्ण झाली की नापास, हे कोण सांगणार?

टेंपल यांच्या डोक्यातली कल्पना इंग्लंडमधून आलेली होती. तिथे १८३४ च्या कायद्याने तत्त्वच घालून दिले होते की सरकारी आधारावर जगणाऱ्याची अवस्था बाहेरच्या सर्वांत हलाखीच्या मजुरापेक्षाही वाईट ठेवायची, म्हणजे कोणी मुद्दाम आधाराला येणार नाही. त्याआधी १७९५ पासून दक्षिणेकडच्या काही परगण्यांत पावाच्या भावानुसार मजुरीला पूरक रक्कम मिळत असे, आणि त्या रकमेमुळे मजूर आळशी झाले, मजुरी घसरली, असा निष्कर्ष चौकशी आयोगाने काढला होता. शंभरावर वर्षे तो पाठ्यपुस्तकांत चालला. १९६३ मध्ये मार्क ब्लाऊग या अर्थशास्त्रज्ञाने तीच कागदपत्रे पुन्हा चाळून दाखवले की बहुतेक ठिकाणी क्रम उलटा होता. आधी मजुरी खालावलेली होती, हंगामी बेकारी होती. म्हणून पूरक रक्कम द्यावी लागली. कारण आणि परिणाम यांची ही अदलाबदल आजच्या बाजारगप्पांतही जशीच्या तशी आढळते.

महाराष्ट्राची रोजगार हमी योजना या पार्श्वभूमीवर पाहिली की तिचे मोठेपण आणि तिच्यातली खोच दोन्ही दिसतात. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात साठच्या दशकात या कल्पनेची चाचणी घेतली. १९७२ च्या दुष्काळाने ती कल्पना राज्यभर नेली. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. सुकडी, मिलो, खडी फोडणे आणि पाझर तलाव हे शब्द त्या पिढीच्या बोलण्यात तेव्हापासून राहिले. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणाऱ्याला काम देणे सरकारवर बंधनकारक झाले, न दिल्यास बेकारी भत्ता द्यायचा. आणि हे सारे भागवण्यासाठी शहरातल्या नोकरदारावर १९७५ पासून व्यवसाय कर बसला होता. आजही पगारपत्रकावर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० मिळून वर्षाला २,५०० रुपयांची जी कपात दिसते, तिचे मूळ या योजनेत आहे. ही कपात कशाची, असे कधी न विचारणारा पगारदारच अनेकदा 'आमच्या पैशावर लोक बसून खातात' म्हणतो. ज्या योजनेसाठी ही कपात सुरू झाली तिच्यात बसून खायची सोयच नव्हती, ही त्यातली गंमत.

सोय नव्हती हे नक्की, कारण मजुरी दिवसाची नव्हती, कामाची होती. सकाळी मुकादम हजेरीपटावर नाव लिहून घेई, टोळीला जागा आखून मिळे, आणि आठवडाअखेर खड्डा मोजला जाई: लांबी, रुंदी, खोली. मग माती मऊ की मुरूम, मुरूम की खडक, यावर दर. मुरमाला मऊ मातीचा दर लावला तर तेवढ्याच घामाचे पैसे घटत, आणि दर लावणारा हात मजुराचा नसे. आपण आज किती कमावले हे घरी परतणाऱ्या बाईला सांगता येत नसे. बाई-पुरुष भेद दरात नव्हता, ही योजनेची खरी कमाई. गावच्या रानात गड्याला एक दर आणि बाईला दुसरा, हे ज्यांनी कायम पाहिले त्यांना तिची किंमत विशेष कळली. पण दर एकूणच कमी ठेवलेला होता, आणि तो मुद्दाम. अर्थशास्त्रात या युक्तीला चांगली प्रतिष्ठा आहे. मजुरी कमी आणि काम कष्टाचे असले की जो खरा गरजू आहे तोच येतो. दाखले, याद्या, तलाठ्याची शिफारस यांची गरज उरत नाही. टेंपल यांचीच परीक्षा ही, फक्त अंगावरचे कपडे बदललेले.

तरी या युक्तीच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा महाराष्ट्रातूनच येतो आणि तो टाळून चालणार नाही. १९८८ मध्ये किमान वेतनाबरोबर योजनेची मजुरीही जवळपास दुप्पट झाली. मार्टिन रव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यानंतरचे आकडे तपासले. मजुरी वाढल्यावर कामाची मागणी वाढायला हवी होती, प्रत्यक्षात योजनेवरचा रोजगार घटला. म्हणजे हमी कागदावर राहिली आणि काम शिधापत्रिकेवरच्या साखरेसारखे मापून मिळू लागले. मग कमी दर हाच गरिबाच्या हिताचा नव्हे काय? कमी का होईना, सर्वांना मिळेल. हा आक्षेप मला गंभीर वाटतो. पण त्याच अभ्यासातून दुसरी गोष्टही निघते. लोकांनी काम नाकारले म्हणून रोजगार घटला नाही. कामे उघडण्याचा सरकारचा हात आखडला म्हणून घटला. खर्चाला किती पैसा द्यायचा हा राजकीय निर्णय होता आणि त्याचा भार हमीच्या शब्दावर टाकला गेला. वाढीव दराला लोक काम मागत होते. त्या वर्षी इच्छेची टंचाई होती असे कोणालाच म्हणता येणार नाही.

शिवाय दर किती खाली नेता येतो याला घटनेची मर्यादा आहे, आणि ती १९८३ मध्ये दुष्काळी कामाच्याच प्रकरणात स्पष्ट झाली. राजस्थानात दुष्काळी रस्त्यावर राबणाऱ्या मजुरांना किमान वेतनापेक्षा कमी पैसे दिले जात होते. त्यांना मदत मिळते आहे, मग किमान वेतनाचा हट्ट कशाला, अशी सरकारची भूमिका होती. संजित रॉय विरुद्ध राजस्थान या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणे ही तेविसाव्या कलमाने निषिद्ध केलेली सक्ती आहे, मग मजूर आपल्या पायाने का आलेला असेना. न्यायमूर्ती भगवती यांनी आदल्या वर्षी एशियाड बांधकामांच्या प्रकरणात याचा पाया घातला होता: भुकेमुळे ज्याला पर्यायच उरत नाही त्याची संमती ही संमती धरता येत नाही. वेठ काय असते हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. पण वेठ धरणारा हात भुकेचाही असू शकतो हे मान्य केल्यावर 'आला ना कामावर, म्हणजे दर मान्य आहे' हे म्हणणे टिकत नाही. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात मात्र मजुरीचा दर किमान वेतन कायद्याला बाजूला सारून ठरवण्याची मुभा केंद्राने स्वतःकडे ठेवली. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात तो दर दिवसाला २९७ रुपये होता. अंतराच्या बाबतीत तोच कायदा टेंपलच्या अगदी उलट टोकाला गेला, हेही नोंदवले पाहिजे. काम पाच किलोमीटरच्या आत द्यायचे, लांब दिले तर दहा टक्के जादा. अंतराचा काच सुटला, दराचा राहिला.

आता शेतकऱ्याचा आक्षेप, जो सर्वांत जास्त मनाला लागतो. दोन-चार एकरांच्या कोरडवाहू माणसाला सोयाबीनच्या भावात खुरपणीची वाढीव मजुरी परवडत नाही. हमीच्या कामाने मजुरीचा दर वाढतो, आणि तो वाढतो हे खरेच आहे. आंध्रात कार्थिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी मोठ्या प्रमाणावर केलेल्या प्रयोगात योजनेचे पैसे गळती न होता हातात पडू लागले, तेव्हा गरीब घरांचे उत्पन्न वाढले. या वाढीचा बहुतांश भाग योजनेच्या मजुरीतून आला नाही. बाहेरच्या बाजारातल्या कमाईतून आला, कारण खासगी मजुरी वर गेली. आणि मजुरी वर जाऊनही खासगी रोजगार घटला नाही. हे पुस्तकी नियमाविरुद्ध वाटते, पण गावातल्या मजुरीची पद्धत आठवली की उलगडते. चार मोठे बागायतदार ठरवतील तो दर, आणि त्याच्यापलीकडे मजुराला जायला जागा नाही, अशा ठिकाणी दर मुळात खाली दाबलेला असतो. बाहेर एक दार उघडले की तो दाब सुटतो. लहान शेतकऱ्याची अडचण मात्र यामुळे खोटी ठरत नाही. फक्त तिची मुळे पिकाच्या भावात, पाण्यात आणि कर्जात आहेत. ती मजुराच्या पोटातून भागवून घेण्याची सवय जुनी आहे, म्हणून ती स्वाभाविक वाटते. त्यात मराठवाड्यातला अल्पभूधारक अनेकदा स्वतःच वर्षाचा काही काळ मजूर असतो. एका हंगामात तो मजुरी वाढली म्हणून कुरकुरतो आणि दुसऱ्या हंगामात त्याच वाढीवर घर चालवतो.

लोकांना काम नको आहे म्हणणाऱ्याने ऊसतोडीकडेही बघावे. बीडमधून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, लेकरे आणि भांडीकुंडी घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या कारखान्याकडे निघते. पहाटे फडात, रात्री गाडी भरायला. कामाचा कंटाळा असलेली माणसे हे करणार नाहीत. मग गावातच हमीचे काम का मागत नाहीत? कारण ऊसतोडीचा मुकादम उचल आधी हातात ठेवतो आणि मस्टरचे, म्हणजे हमीच्या कामाचे, पैसे काम झाल्यावर आठवडेच्या आठवडे येत नाहीत, कायद्यात पंधरा दिवसांची मुदत असूनही. किराणा दुकानदार मस्टर बघून उधारी देत नाही. उचलीच्या बदल्यात माणूस बांधला जातो हे त्याला चांगले ठाऊक असते. तरीही आज हातात पडणारा पैसा आणि कधीतरी जमा होणारा पैसा यांत तो निवड करतो, आणि ती निवड आळशाची खासच नाही.

युरोप-अमेरिकेकडचा पुरावा इथे थोडक्यात पाहणे भाग आहे, कारण 'भत्त्याने माणूस बिघडतो' हे तिथूनही आयात होते. तिथल्या बेकारी विम्याच्या अभ्यासांत एक निष्कर्ष पुन्हा पुन्हा येतो: भत्ता जास्त मुदतीचा असला तर नोकरी शोधायला लागणारा काळ काहीसा लांबतो. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण का लांबतो? राज चेट्टी यांनी २००८ मध्ये हिशेब मांडला की या परिणामाचा निम्म्याहून मोठा भाग आळसाचा नाही. हातात चार पैसे असल्याने पहिली मिळेल ती नोकरी पत्करावी लागत नाही, त्याचा तो परिणाम आहे. फिनलंडने २०१७-१८ मध्ये चिठ्ठ्या काढून निवडलेल्या दोन हजार बेकारांना महिना ५६० युरो विनाअट दिले. नोकरी लागली तरी ते थांबणार नव्हते. त्या लोकांनी इतर बेकारांपेक्षा काम कमी केले नाही, किंचित जास्तच केले. विकसनशील देशांबद्दल अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या सात सरकारी रोख-मदत योजनांचे प्रयोग एकत्र तपासले. मदतीमुळे लोक काम सोडतात असा पद्धतशीर परिणाम त्यांना आढळला नाही.

भत्ता संपल्यावर तरी माणूस झडझडून कामाला लागतो का? १९३१-३२ मध्ये व्हिएन्नाजवळच्या मारीएन्टाल या गावात मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल यांनी हे प्रत्यक्ष पाहिले. गावची एकमेव कापड गिरणी बंद पडलेली, अनेकांचा भत्ता संपलेला किंवा संपत आलेला. वेळ तर भरपूर होता, आणि गावच्या ग्रंथालयाने पुस्तकांची फीही माफ केली होती. तरी पुस्तके नेणे निम्म्यावर आले. अभ्यासक रस्त्यावरच्या माणसांच्या चालण्याचा वेग मोजत बसले, तेव्हा बायका घरकामाच्या घाईत चालताना दिसल्या आणि पुरुष पुन्हा पुन्हा थांबताना. जसजसा पैसा आटला तसतसे काम शोधणेही आटले. अर्ज लिहायला टपालाचा खर्च लागतो, शहरात जायला भाडे लागते, आणि मुलाखतीला उभे राहायला धड बूट लागतात. भुकेने इच्छा तयार होते या समजुतीला इतका सरळ उलटा पुरावा दुसरीकडे क्वचित सापडेल.

हातात चार पैसे आल्यावर काही जण काही प्रकारचे काम सोडतात, हे मात्र मान्य करायला हवे. साठी ओलांडलेली बाई कापूस वेचणे सोडते, बाळंतीण दोन महिने उशिरा रानात जाते, दहावीतली मुलगी शाळा बुडवून कांदे काढायला जात नाही. पगारदार घरात आपण यांनाच निवृत्ती, बाळंतपणाची रजा आणि शिक्षण म्हणतो. शेतीच्या हंगामात हमीची कामे बंद ठेवावीत ही मागणी अधूनमधून वर येत आली आहे, तिचाही अर्थ याच संदर्भात लावावा लागतो. हंगाम म्हणजे मजुराला भाव मिळण्याचे वर्षातले मोजके आठवडे. नेमक्या त्या आठवड्यांत त्याच्यासमोरचा दुसरा पर्याय काढून घ्यावा, एवढेच ती मागणी सांगते.

या पुस्तकातले लेख मजुराच्या इच्छेपेक्षा काम देणाऱ्याच्या इच्छेकडे अधिक बारकाईने पाहतात, आणि मला ते योग्य वाटते. २००५ च्या हमी कायद्यात त्या इच्छेचीही परीक्षा होती: पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता, पहिल्या तीस दिवसांना मजुरीच्या किमान चौथा हिस्सा आणि पुढे किमान निम्मा. मजुरीचा खर्च केंद्राचा, भत्त्याचा मात्र राज्याचा. राज्याने वेळेत काम काढावे म्हणून हा काटा मुद्दाम बसवलेला होता. हा भत्ता प्रत्यक्षात क्वचितच कोणाच्या हाती पडला, आणि त्यासाठी कोणाला तो नाकारावाही लागला नाही. काम मागणारा नमुना ४ भरून ग्रामपंचायतीत देतो. त्याला तारखेची पोच द्यायची असते. अर्ज ठेवून घेतला जातो, 'काम निघाले की कळवतो' असे सांगितले जाते, आणि पोच दिली जात नाही. तारीख नसल्याने पंधरा दिवस कधी सुरू झाले हे कोणालाच दाखवता येत नाही, आणि सरकारी दप्तरात त्या गावात कामाची मागणी नसल्याची नोंद होते.